टॉवेलाखालचा हात

गेनूला साठी उलटली तरी त्याचे केस काळे आहेत. कलप लावत नाही. मी उन्हात, जवळून, दोन-तीनदा खात्री करून घेतली आहे. आम्ही एकाच साली जन्मलो, एकाच दिवशी शाळेत बसलो, एकाच गुरुजींच्या छड्या खाल्ल्या. आता माझ्या डोक्यावर टोपी नसली तर ऊन चटका देतं आणि हा बाबा अजून खिशात कंगवा ठेवतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गेनूची गोष्ट मी कुठल्या तोंडानं सांगतोय ते तुम्हाला कळेल.

पालीच्या अलीकडं, गडाच्या पायथ्याला आमची वाडी. गेनूच्या आणि माझ्या घरामध्ये दगडाचा एक गडगा आहे, छातीएवढा. पलीकडं जे जे होतं ते मला अलीकडून दिसतं, हीच माझ्या जन्माची तक्रार. त्याच्या विहिरीत मे महिन्यातही घागर बुडते, माझी होळीलाच तळ दाखवते. त्याचा आंबा दरसाल धरतो. माझा एक वर्ष धरतो आणि तीन वर्षं नुसता मोहोर दाखवून गंमत करतो. रस्ता आला तो त्याच्या दारावरून. माझ्या दाराला मध्ये ओढा आडवा. माझा धनाजी भोरला नोकरीला आहे, दोन महिन्यांतून एकदा येतो आणि आला की मोबाईल चार्जिंगला लावून झोपतो. गेनूची शिवानी कॉलेज करून परत वाडीत आली आणि वरच्या माळावर तंबू टाकून पुण्याच्या माणसांना गड दाखवायला लागली. पैसे देऊन कुणी माळावर झोपायला येईल, असं मला वाटलं नव्हतं. मी त्या पोरीला तोंडावर हसलो होतो.

"अवो, त्यांचं त्यांना लाभू द्या की," आमची साळूबाई म्हणते. "तुमच्या ताटातलं काय उचललं का त्यांनी?"

नाही उचललं. पण त्याचं ताट सारखं माझ्यासमोर असतं, त्याला मी काय करू?

असं असूनही तीस वर्षं आमचा दोघांचा वारंगुळा होता. दोन-दोन बैल पोसणं दोघांनाही जड, म्हणून एक बैल त्याचा आणि एक माझा, दोघांचं मिळून एक औत. चार दिवस त्याच्या भातखाचरात, चार दिवस माझ्या. माझा बैल उजवीकडं, त्याचा डावीकडं. सकाळी गडग्यावरून हाक यायची, "सोनबा, सोड रं," आणि मी दावणीचा बैल सोडायचो. शेजाऱ्याशी भांडायची इच्छा असली तरी अर्धं औत त्याच्या गोठ्यात असल्यावर माणूस फार भांडू शकत नाही.

मला जनावराची पारख आहे. हे मी माझ्या तोंडानं सांगतोय असं नाही, सगळी वाडी सांगते आणि गेनू सगळ्यांच्या आधी सांगतो. बैल, म्हैस, शेळी, काहीही घ्यायचं झालं की तो मला बरोबर न्यायचा. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. ते बघून आम्ही आमची वेगळी रीत काढली. माझं जनावर बघून झालं की गेनू खांद्यावरचा टॉवेल मनगटावर टाकायचा आणि त्याखालून हात माझ्याकडं सरकवायचा. मी त्याचं बोट एकदा दाबलं तर घे. दोनदा दाबलं तर सोड. विकणाऱ्याला वाटायचं, दोघं नुसतेच उन्हात उभे आहेत.

एकदा एक म्हैस होती, दिसायला देखणी, पण मागच्या सडात गाठ. मी हळूच दोनदा दाबलं, गेनूनं ती सोडली. असं कितीतरी वेळा झालं. पण गेनूची एक खोड होती, कधीकधी त्याला माझा दाब कळायचाच नाही. पाखऱ्या घेतला तेव्हाचीच गोष्ट घ्या. मी आठ दिवसांपूर्वी माझा तांबडा बैल घेऊन मोकळा झालो होतो, आणि जत्रेच्या बाजारात समोर हा उभा. पांढरा, काळ्या शेपटीचा, कानाच्या टोकापर्यंत जिवंत. हा गेनूच्या दावणीला जाणार, या विचारानं माझ्या छातीत आग पडली. तो माझ्याही खाचरात चालणार होता, हे त्या वेळी सुचलंच नाही. टॉवेलाखाली हात आला. मी दोनदा दाबलं, नख रुतेल असं. आणि गेनू दलालाला म्हणाला, "घेतला."

नंतर मी झापला तर म्हणतो कसा, "यकदाच दाबलंस न्हवं? मला यकदाच लागलं."

पाखऱ्या चौदा वर्षं औताला चालला. माझा तांबडा चौथ्याच वर्षी लंगडायला लागला.

वरच्या माळाचंही तसंच. खडकाळ जागा, गवताशिवाय काही उगवत नाही, पण तिथून गड पायथ्यापासून माचीपर्यंत दिसतो. विकणारा आला, टॉवेलाखाली हात आला. गड सगळ्यांचा, मग तो दिसायची जागा याच्या एकट्याची का व्हावी? मी बोट मोडेल असं दोनदा दाबलं. त्याही वेळी बाबाला कळलं नाही आणि त्यानं माळ घेऊन टाकला. आज तिथं शिवानीचे नऊ तंबू आहेत. मी साळूबाईला म्हणायचो, गेनू डोक्यानं मंद आहे, पण नशिबाचा आहे.

पुढं भाताच्या चिखलणीला पॉवर टिलर आले. पाखऱ्या म्हातारा होऊन गेला, माझा बैल मी विकला, वारंगुळा संपला. गडग्यावरून हाक येईनाशी झाली. बाजाराला जायचंही कारण उरलं नाही. गेनूचा टॉवेल त्याच्या खांद्यावर राहिला आणि माझी पारख माझ्याजवळ पडून राहिली. माणसाला काय येतं हे कुणी विचारायचंच थांबलं की तो माणूस अंगणात बसून नुसता दुसऱ्याच्या घराकडं बघतो. मी तेच करत होतो.

अशात गेल्या हिवाळ्यात गाडीचं निघालं.

माळावर जायची वाट चढाची आणि कातळाची. टेम्पो चढत नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली मधल्या वळणावर अडकते. त्यामुळं पिण्याच्या पाण्याचे जार, गॅसची टाकी, गाद्या, सगळं डोक्यावरून वर जायचं, आणि वरून गवताचे भारे डोक्यावरून खाली. गेनूच्या मानेनं शेवटी काम सोडलं. मग शिवानीनं मोबाईलवर एक गाडी शोधली. संध्याकाळी ती गडग्याला टेकून मला दाखवत होती.

"याला साइड-बाय-साइड म्हणतात, काका. पुढं दोघांनी शेजारी-शेजारी बसायचं, मागं सामानाचा हौदा. चारी चाकं ओढतात, त्यामुळं कसल्याबी चढाला जाते. आठवडाभर शेताचं काम, आन् शनिवार-रविवार पाहुण्यांना माळावरनं चक्कर. पानशेतला एका रिसॉर्टवाल्याला अशा गाड्या विकायच्यात. तीन हायत."

मोबाईलमध्ये ती गाडी लाल चिखल उडवत टेकाड चढत होती. धड जीप नाही, धड ट्रॅक्टर नाही. वरती पाईपांचा पिंजरा, चाकं जाडजूड, आणि आत दोन माणसं शेजारी-शेजारी बसून हसत होती. मला ती गाडी इतकी आवडली की तोंड कडू झालं.

त्या रात्री जेवण गेलं नाही. एका सीटवर गेनू बसणार, हे ठरलेलं. दुसऱ्या सीटवर कोण? शिवानी बसेल, पुण्याचे पाहुणे बसतील, गेनूच्या घरच्या चंद्रावैनी नवी साडी नेसून बसतील. आणि मी बांधावर उभा राहून त्यांच्या चाकाची धूळ खाईन. बैल होता तोवर माझ्यावाचून गेनूचं औत निघत नव्हतं. या गाडीला दुसरा बैल लागतच नव्हता. माझा खरा राग त्यावर होता, हे मी तेव्हा साळूबाईलाही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी गडग्यावरून हाक आली. "सोनबा, हाईस का? पानशेतला जायचंय. गाडी बघाया."

"मग जा की. मला काय कळतंय गाडीतलं?"

"तुला कळत न्हाई आन् मला कळतंय व्हय?" गेनू म्हणाला. "चल. टावेल घेतलाय म्या."

इतका राग असूनही मला गुदगुल्या झाल्या. मी धुतलेली टोपी काढली. आणि निघायच्या आधी, पारख करायची म्हणजे नीट करायची म्हणून, बैलाचा जुना कासरा घेऊन वर गेलो. कातळाच्या त्या अवघड वळणाची रुंदी दोरीनं मोजली आणि तिथं गाठ मारली. माझं पोट जळत असलं तरी माझं काम मला कच्चं चालत नाही.

दुधाच्या टेम्पोतून आम्ही तिघं खिंडीतून पानशेतला उतरलो. रिसॉर्टवर माऊली नावाचा माणूस भेटला, गाड्या विकायचं काम त्याच्याकडं. धरणाच्या बाजूला मोकळ्या मैदानात तिन्ही गाड्या पुसून, उभ्या करून ठेवल्या होत्या.

पहिली घोड्यासारखी, दोन्हीकडं पाय टाकून बसायची. तिला हौदाच नव्हता, म्हणून ती बाद. दुसरी चार सिटांची, निळी, वरती लायटांची माळ. शिवानीचा जीव तिच्यावर. "यकाच फेरीत चार पाहुणे जातील, आप्पा." तिसरी दोन सिटांची, हिरवी, ठिकठिकाणी खरचटलेली, मागं टेम्पोसारखा पण छोटा हौदा, खटका ओढला की उलटा होणारा.

मी सगळ्यांत आधी तिन्ही इंजिनांजवळ हात नेला. निळीचं इंजिन गरम होतं.

"सकाळी कुठं फिरवली व्हय ही?" मी विचारलं.

"न्हाई, जरा चालू करून ठेवली व्हती," माऊली म्हणाला.

म्हातारा बैल विकायचा असला की बाजारात न्यायच्या आधी त्याला गूळ-पाणी पाजून, फिरवून तरतरीत करतात. मला हे शिकवायला लागत नाही. "मग आता गार व्हऊ दे," मी म्हणालो आणि खाली मांडी घालून बसलो. माऊलीनं शिवानीकडं बघितलं, शिवानीनं गेनूकडं. गेनू माझ्या शेजारी येऊन बसला. अर्ध्या-पाऊण तासानं इंजिन गार झालं, तेव्हा निळी चार प्रयत्नांत सुरू झाली आणि तिनं ढगभर धूर सोडला. हिरवी मात्र पहिल्या खटक्याला सुरू झाली.

मग मी कासरा काढला. मैदानात चुन्यानं वळण आखलं, दोरीच्या गाठीएवढं रुंद, आणि माऊलीला सांगितलं, यातून वळवून दाखव. निळी लांबीला जास्त, तिची मागची चाकं रेघेबाहेर गेली. आमच्या वाटेवर रेघेबाहेर दरी आहे. हिरवी एका दमात वळली.

"हौद्यात दगड भरा," मी म्हणालो. भरले. "त्या चढावर न्या. मधीच थांबवा. आता बंद करा. आता परत सुरू करून वर न्या." भरल्या गाडीचा बैल चढावर थांबवला की कळतो, थांबल्यावर परत ओढतो तो खरा. हिरवी थांबली, तसूभर मागं सरकली नाही, आणि माऊलीनं बटण दाबल्यावर खालच्या गिअरमध्ये कुरकुर न करता वर गेली. उतारावरही तिनं दगड सांडले नाहीत.

"लई वर्सं झाली गाड्या विकतोय," माऊली म्हणाला, "पर असं गिऱ्हाईक न्हाई बघितलं." मग त्यानं सगळं सरळ सांगितलं. ही गाडी डांबरी रस्त्यावर न्यायची नाही, तिला नंबर मिळत नाही, आपल्या रानात चालवायची. न्यायची ती टेम्पोत घालून. आत बसणाऱ्यानं पट्टा लावायचाच. शिवानीनं निळीचा नाद आपणच सोडला होता. ती माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "काका, तुमी नसता तर मी फसलेच असते."

आणि नेमक्या त्याच वेळी माझं डोकं फिरलं. हिरवी उन्हात उभी होती. मी तिच्याभोवती एक फेरी मारली, मागं जाऊन उभा राहिलो. तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. ती आमच्या वाटेला बेतून केल्यागत होती, आणि जाणार होती गेनूच्या अंगणात. मीच दोरी आणली, मीच धूर काढून दाखवला, मीच तिला चढावर उभी केली, आणि उद्या गडग्यापलीकडं तिचं इंजिन वाजणार आणि मी अलीकडं टोपी सावरत ऐकत बसणार. पाखऱ्या त्याचा, माळ त्याचा, केस त्याचे, आता हीसुद्धा त्याचीच.

गेनूनं टॉवेल मनगटावर टाकला. खालून त्याचा हात आला. तीच बोटं, खरखरीत, करंगळी विळ्यानं वाकडी झालेली.

मी दोनदा दाबलं. सगळा जोर लावून.

गेनू जरा वेळ तसाच उभा राहिला. हात काढून घेईना. मला वाटलं, कळलं नसेल, म्हणून मी परत दोनदा दाबलं. मग त्यानं हात काढला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि माऊलीला म्हणाला, "इचार करून कळवतो."

शिवानीचं तोंड एवढंसं झालं. मी "तोंड धुऊन येतो" म्हणून पलीकडच्या टपरीवर गेलो आणि दोन चहा प्यालो. दुसरा चहा माझ्यानं पिववत नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा गेनूनं माझा खोटा दाब मानला होता, आणि मला त्याचा काहीएक आनंद होत नव्हता.

घरी साळूबाईनं विचारलं, "घेतली का?"

"न्हाई."

"का?"

"बरी नव्हती."

ती माझ्याकडं बघत राहिली, मग चुलीकडं वळली.

सकाळी चंद्रावैनींनी गडग्यावरून हाक मारली. त्यांच्या हातात गोधडीचे दोन चौकोन होते, बसायच्या गादीएवढे. एक पातळ, आणि एक चांगला चार बोटं जाड, जुन्या साड्यांचे थरावर थर घालून शिवलेला.

"भावजी, ह्याच्यावर बसून बघा जरा," वैनी म्हणाल्या. "बांधावरनं पडल्यापासनं तुमचं माकडहाड दुखतंय न्हवं? यवढं जाड पुरंल का आनखी यक थर घालू?"

"कशासाठी?"

"गाडीतल्या तुमच्या शिटाला की. हे म्हनले, सोनबाला धक्का बसता कामा न्हाई."

मी गादी हातात घेतली. दोन दिवस मी ज्या सीटवर शिवानीला, पाहुण्यांना, वैनींना बसवून बसवून जळत होतो, तिच्यासाठी माझ्या मापाची गादी शिवून तयार होती. आणि मी ती गाडीच सोडायला लावली होती. "वैनी," मी म्हणालो, "गाडी तर घेतली न्हाई गेनूनं."

"घेतली की! तुमी टपरीत च्या प्यायला गेला तवाच व्हय म्हनले. परवाच्याला टेम्पोत घालून येतीया." त्यांनी सुईत दोरा ओवला. "तुमाला सांगितलं न्हाई व्हय?"

गादी तशीच काखेत मारून मी गडगा ओलांडला. या वयात गडगा ओलांडायचा नसतो, पण दरवाजातून फिरून जायला माझ्याकडं धीर नव्हता. गेनू गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता.

"म्या नगं म्हनलं व्हतं," मी म्हणालो.

"व्हय. दोनदा दाबलंस."

"मग?"

"लई जोरात दाबलंस." त्यानं वैरणीची पेंढी सोडली. "म्हनून तर घेतली."

गेनू म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत बोलत होता, जसं पावसापाण्याचं बोलावं तसं.

"त्या म्हशीच्या टायमाला, सडात गाठ व्हती ती, तू कसं दाबलं व्हतंस? हळूच. ती खरंच वाईट व्हती. पाखऱ्याच्या टायमाला माजं बोट काळंनिळं केलंस. माळाच्या टायमाला तर वाटलं, मोडतंय. वाईट माल आसला की तू हळू दाबतोस, सोनबा. चांगला आसला आन् तुला बघवला न्हाई, की तू जीव खाऊन दाबतोस. काल तर दोन-दोनदा दाबलंस. म्या म्हनलं, एवढी चांगली गाडी सोडायची न्हाई."

"मंजी तुला दाब कळत व्हता."

"व्हय."

"तीस वर्सं?"

"पाखऱ्यापासनं."

"आन् यकदाबी बोलला न्हाईस?"

"बोललो आसतो तर तू सुधारला आसतास," गेनू म्हणाला. "मग मला कोन सांगनार?"

मी तिथंच पेंढ्यांवर बसलो. वैनींची गादी आपोआप खाली आली, बरं झालं. माझी पारख, माझी पारख म्हणून मी आयुष्यभर छाती काढून हिंडलो. आणि या माणसानं माझी पारख कधी वापरलीच नव्हती म्हणा; त्यानं वापरला तो माझा जळफळाट. तोच त्याचा वजनकाटा. त्याची विहीर मी नाही खोदली, पण त्याचा बैल, त्याचा माळ, त्याची गाडी, सगळं माझ्या पोटदुखीवर उभं होतं. शरम तर वाटलीच. पण खरं सांगतो, शरमेच्या जोडीनं मला त्याचाही हेवा वाटला, की हे याला सुचलं आणि मला सुचलं नाही.

"मग दुसऱ्या शिटावर मला कशाला बसवतोस?" मी विचारलं. "येवढं ठाऊक आसून?"

"मग कोन बसनार? चंद्रीला वळनावर मळमळतंय. शिवानीला वर काम आसतं." त्यानं खिशातून कंगवा काढला, केसांतून फिरवला, परत ठेवला. "आन् तुज्याबिगर औत कधी जुपलंय का म्या?"

तिसऱ्या दिवशी गाडी आली. सकाळी गडग्यावरून हाक आली, "सोनबा, सोड रं," आणि सोडायला माझ्या गोठ्यात काही नसताना मी उठून गेलो. स्टिअरिंगचं चाक उजव्या हाताला होतं, म्हणजे उजवीकडं गेनू आणि डावीकडं मी. तीस वर्षं माझा बैल उजवीकडं चालला. हेही मी मनात नोंदवलं. हौद्यात पाण्याचे सहा जार, गॅसची टाकी, चार गाद्या. कातळाच्या वळणावर गेनूनं वेग कमी केला आणि मी बाहेर वाकून मागचं चाक बघितलं. दोरीच्या गाठीच्या आत होतं. वर पोचलो तर गड समोर, पायथ्यापासून माचीपर्यंत. खाली माझं घर, माझा ओढा, माझा न धरलेला आंबा. धूळ आम्हीच उडवली होती. ती खाली माझ्याच अंगणात जात होती आणि साळूबाई पदर नाकाला लावून वर बघत होती.

इथं गोष्ट संपवली असती तर मी चांगला माणूस ठरलो असतो. पण पुढचं सांगतो.

उन्हाळ्यात धनाजी म्हणाला, आबा, आपणही आपला पॉवर टिलर घेऊ, दर चिखलणीला दुसऱ्याच्या मशीनची वाट बघायला नको. मी गेनूला घेऊन भोरला गेलो. बाजाराच्या रस्त्याला एक दुकान आहे, दारात पाच-सहा टिलर ओळीनं मांडलेले. मी एकेक हलवून बघितला, पण मन ठरेना. तेव्हा सुचलं, की जी युक्ती गेनूनं इतकी वर्षं केली ती मी का करू नये? त्याच्या बोटावरून मलाही कळेल. मी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, माझ्या मनगटावर टाकला आणि खालून हात त्याच्याकडं सरकवला.

"दाब," मी म्हणालो. "खरं दाब."

लाल टिलरपाशी त्यानं एकदा दाबलं. हळूच. निळ्यापाशी एकदा, हळूच. पिवळ्यापाशी एकदा, तसंच. मी मुद्दाम दुकानातल्या सगळ्यांत भारी मशीनपाशी जाऊन उभा राहिलो, त्याच्या स्वतःच्या खाचरात वापरतात त्याहून दुप्पट ताकदीच्या, आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. गेनू मशीनकडं बघून खूश झाला होता. मनापासून. "ह्यो घे," म्हणाला, "तुला लई शोभंल," आणि एकदाच दाबलं.

मी त्याचं बोट किती तरी वेळ धरून ठेवलं. वाट बघितली. त्यात जोर नव्हता, घाम नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. दुकानदार विचारत होता, कुठला काढू? मला सांगता येईना. माझं चांगलं बघून जळणारं माझ्या शेजारी कुणी नव्हतं, आणि तसं कुणी कधीच नव्हतं, म्हणून तर माझा तांबडा लंगडा निघाला.

"काय झालं रं?" गेनूनं विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणालो आणि त्याचा टॉवेल त्याला परत दिला. टिलर न घेताच आम्ही एसटी स्टँडवर आलो. गाडीला वेळ होता. गेनूनं कंगवा काढला, केस नीट केले, आणि माझ्यासाठी कोपऱ्यावरची सावलीतली जागा धरून ठेवली.